बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला निघालेय. हातात एक महिना आहे, काय करू?

गंगाखेडजवळच्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत होती, पण सर समजावायचे मराठीत. कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरला ओबीसीतून प्रवेश मिळाला आहे आणि वर्ग सुरू व्हायला महिनाभर आहे. ती विचारते, इंग्रजी जमेल का, शहरातल्या मुलांपुढे टिकेन का, वडील कर्ज काढायचं म्हणतायत ते काढू द्यावं का, आणि या महिन्यात नेमकं काय करू?

बाळा, आधी पैशाचं बोलू, कारण वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करायच्या आत हे तुमच्या घरात कळायला हवं. राज्य शासनाने 8 जुलै 2024 ला निर्णय काढला आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 2024-25 पासून हे लागू आहे आणि खाजगी कॉलेजातही लागू आहे, फक्त प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ते मिळत नाही. तुझा प्रवेश कॅपमधला आहे, त्यामुळे उत्पन्नाची अट बसत असेल तर सगळ्यात मोठा खर्च तुमच्या डोक्यावरून उतरला. वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि कॉलेजचे इतर किरकोळ आकार मात्र यात येत नाहीत. कर्ज काढायचंच झालं तर तेवढ्यापुरता हिशेब मांडा, चार वर्षांच्या पूर्ण फीचा नको. ऑफिसात कुणी “आधी सगळी फी भरा, मग बघू” असं म्हणालं तर त्या शासन निर्णयाची छापील प्रत पुढे ठेव आणि जे सांगायचं ते लेखी द्या म्हण. आवाज चढवायची गरज पडत नाही.

या माफीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि तो दरवर्षी करावा लागतो, हे बऱ्याच मुली दुसऱ्या वर्षी विसरतात. पैसे अडकतात ते दोन कारणांनी. एक, बँकेचं खातं आधारला जोडलेलं नसतं. दोन, आधार, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि पासबुक या तिन्हींवर नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं. आजच हे तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघ. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रावरची मुदत बघ, ती बहुधा 31 मार्चला संपते. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, टीसी, दोन्ही गुणपत्रिका, या सगळ्यांच्या दहा-दहा झेरॉक्स आणि फोनमध्ये नीट काढलेले स्कॅन ठेव. मूळ कागद कॉलेजने तपासून लगेच परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये तसं स्पष्ट बजावलं आहे.

राहण्याचंही आत्ताच बघ. कॉलेजच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, बाहेर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी ती पैसे देते. तुझ्या वर्गातली एखादी मैत्रीण अनुसूचित जातीची असेल तर तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सांग. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीही आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये ती उभी केली, खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठीच. तिथे अर्ज करायला अजिबात संकोच करू नकोस.

आता तू ज्याला घाबरली आहेस त्याकडे येते.

मी 26 वर्षं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते आहे, त्यातली 11 वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. परभणी, नांदेड, बीड, यवतमाळकडून आलेल्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या. पहिल्या सेमिस्टरला ज्यांचे विषय राहिले, त्यांच्यातली एकही मला बुद्धीने कमी वाटली नाही. त्यांनी विचारलं नाही, एवढंच झालं. हे मी अगदी विचार करून लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी किनवटकडची एक मुलगी माझ्याकडे आली. पहिल्या चाचणीत 30 पैकी 4 गुण पडले होते. रडून रडून डोळे सुजलेले. मी म्हटलं, वही दाखव. इतकी देखणी वही मी फार कमी पाहिली आहे. पट्टी लावून ओढलेले समास, उत्तराभोवती लाल चौकट, एक अक्षर खोडलेलं नाही. मी मधलं एक पान उघडलं. आंशिक अवकलनाचं, म्हणजे पार्शल डिफरन्शिएशनचं, पहिलंच उदाहरण होतं. फलन काय, तर एक्सचा वर्ग गुणिले वाय, अधिक वायचा घन. एक्सच्या सापेक्ष अवकलन काढायचं होतं. पुढच्या ओळीत तिने उतरवलं होतं, दोन एक्स वाय. बस, एवढंच.

मी विचारलं, “वायचा घन कुठे गेला?”

ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, मला तेच कळलं नव्हतं. फळ्यावर तसंच होतं म्हणून लिहिलं.”

उत्तर एका वाक्याचं आहे. एक्स बदलतो आहे आणि वाय जागचा हलत नाही असं आपण धरलं, म्हणजे वायचा घन हा नुसता एक स्थिर आकडा झाला, आणि स्थिर आकड्याचं अवकलन शून्य. बारावीत तुम्ही सगळ्या हे शिकलेल्या असता. तिला ते अर्ध्या मिनिटात कळलं. पण तो वायचा घन ज्या दिवशी फळ्यावरून नाहीसा झाला, त्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे ती फक्त नक्कल करत होती, कारण पुढचं प्रत्येक उदाहरण त्याच एका गोष्टीवर उभं होतं. तीन आठवडे, अर्ध्या मिनिटाच्या एका प्रश्नापायी.

बारावीपर्यंत तुमच्यामागे कुणीतरी असतं. क्लासचे सर टेस्ट घेतात, गुण घरी कळवतात, आई पहाटे उठवते. कॉलेजात असं मागे लागणारं कुणी नाही. वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, शिकवणाऱ्याला चेहरे ओळखीचे व्हायलाच महिना लागतो. गप्प बसलेल्या मुलीला कळलं आहे की नाही हे त्याला कळायला वाव नसतो. तेव्हा वहीच्या डाव्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायची सवय लाव. जिथे ओळ कळली नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि लिहिणं चालू ठेव. संध्याकाळी त्यातली निम्मी आपली आपण सुटतात. उरलेल्यांपैकी दोन तरी दर आठवड्याला शिक्षकांकडे घेऊन जा. आणि जाऊन “सर, हा चॅप्टरच कळला नाही” असं म्हणू नकोस, त्यावर कुणाला काही करता येत नाही. “तिसऱ्या ओळीवरून चौथीवर कसं आलो?” असं विचार. ओळीवर बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला थकलेला शिक्षकही उत्तर देतो.

सगळेच नीट बोलतील असं मी म्हणणार नाही. मी स्वतः अंबाजोगाईहून शिकायला शहरात गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘मॅट्रायसेस’ हा शब्द चुकीचा उच्चारला म्हणून शिकवणारे हसले आणि त्यांच्यामागे वर्ग हसला. मी सबंध सेमिस्टर तोंड उघडलं नाही. त्याची किंमत मला मोजावी लागली, त्यांना नाही. आज मागे वळून बघताना वाटतं, त्याच विषयाच्या दुसऱ्या तुकडीला एक बाई शिकवत होत्या, मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. तुला कुणी तोडून बोललं तर दुसऱ्या शिक्षकांकडे जा, प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या मुलीला विचार, दुसऱ्या वर्षाच्या ताईला विचार. प्रश्न मात्र सोडू नकोस.

इंग्रजीबद्दल. तुला बोलायची भीती वाटते आणि तू तिला अभ्यासाची भीती समजते आहेस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी फार थोड्या शब्दांवर चालतं आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘लेट’ म्हणजे समजा. ‘सच दॅट’ म्हणजे असा की. ‘हेन्स’ म्हणजे म्हणून. ‘विथ रिस्पेक्ट टू’ म्हणजे च्या सापेक्ष. ‘इफ अँड ओन्ली इफ’ म्हणजे तर आणि तरच. असे शे-दीडशे शब्द आणि शब्दजोड्या वहीच्या शेवटच्या पानांवर गोळा केल्यास की गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंगची पुस्तकं उघडायला लागतात. रोज एक पान मोठ्याने वाच. घरी, गच्चीवर, शेतात, कुठेही. कानाला स्वतःचा इंग्रजी आवाज ओळखीचा व्हायला हवा, म्हणजे वर्गात तोंडातून शब्द बाहेर पडताना दचकायला होत नाही. आणि प्रश्न मराठीत विचारलास तरी काही बिघडत नाही. पुण्यातल्या बहुतेक वर्गांत शिक्षक शंका मराठीतच सोडवतात. तोंडी परीक्षेला इंग्रजी लागतं, पण तिथेही व्याकरणाला गुण नसतात. मोडक्या वाक्यात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलींना मी नेहमी पूर्ण गुण दिले आहेत.

शहरातली मुलं पुढे असतात का? काही बाबतीत असतात. कुणी आठवीपासून कोडिंग केलेलं असतं, कुणाचे आईवडील याच क्षेत्रात असतात. पहिले दोन महिने ते अंतर डोळ्यांत खुपतं. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये शेजारची मुलगी दहा मिनिटांत प्रोग्रॅम चालवून मोकळी होते आणि तू अजून अर्धविराम कुठे राहिला ते शोधत असतेस. त्या वेळी तिचा प्रोग्रॅम उतरवून घेऊ नकोस. तिला म्हण, मला माझी चूक शोधू दे, अडले तर सांगते. पहिल्या सेमिस्टरला असे पंचवीस-तीस प्रोग्रॅम जिने हाताने लिहिले, चुकवले, दुरुस्त केले, तिच्यातला आणि त्या मुलीतला फरक दुसऱ्या वर्षापर्यंत मला तरी ओळखता आलेला नाही.

या महिन्यात काय करायचं ते आता सांगते. पुढच्या वर्षाची पुस्तकं आणू नकोस, हजारो रुपयांचे ऑनलाइन कोर्सही घेऊ नकोस. बारावीचं अवकलन आणि संकलन (इंटिग्रेशन) पुन्हा काढ. रोज 40 मिनिटं, पंधरा-वीस उदाहरणं, सूत्रं न बघता. सीईटीला पर्याय समोर असायचे, त्यामुळे शेवटपर्यंत लिहून सोडवायचा हात सुटलेला असतो. इथे परत सगळं लिहावं लागतं. एवढं एक केलंस तरी पहिलं गणित हलकं जाईल.

दुसरं, घराबाहेरची सगळी कामं स्वतः कर. सेतू केंद्रात वडिलांना पाठवू नकोस, तू जा. रांगेत उभी राहा, कागद कमी पडला तर कोणता आणि का ते विचार. बँकेत जाऊन खातं आधारला जोडलं आहे का, ते काउंटरवर विचार. पैसे भरायची आणि काढायची चिठ्ठी आपल्या हाताने भर. बाबा शेजारी बसले तरी बोलायचं तू. प्रवेशाच्या दिवशी मी दरवर्षी बघते, मुलगी मागे उभी असते आणि खिडकीतून तिच्या विषयांची नावं वडील विचारत असतात. त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे. पण सप्टेंबरमध्ये तीच मुलगी चुकलेलं हॉलतिकीट दुरुस्त करायला ऑफिसात जायला धजत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या दाराशी येते.

लॅपटॉप पहिल्या दिवशी लागत नाही. कॉलेजात लॅब असते. महिनाभर थांब, वरच्या वर्गातल्या मुलींना विचार आणि मग घे. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, पाठ्यपुस्तकं तर बहुतेक लायब्ररीतच असतात. ड्रॉइंगचं सामान सीनियर मुली निम्म्याहून कमी पैशांत देऊन टाकतात.

खोली घेताना वडिलांबरोबर दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा जा. बसस्टॉपपासून चालत जाऊन बघ. पाणी किती वेळ येतं, रात्री दार किती वाजता बंद होतं, डिपॉझिट कधी आणि किती परत मिळतं, हे तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचार, मालकिणीला नको. डिपॉझिटची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

जेवणाचं मी जरा जास्त सांगते, कारण रेक्टर असताना रात्री-अपरात्री दवाखान्यात मुलींना मीच नेलं आहे. पुण्याची आमटी तुला गोड लागेल, भाकरी रोज मिळणार नाही. मग मुली सकाळचं टाळतात, चहा-बिस्किटावर प्रॅक्टिकलला उभ्या राहतात आणि दिवाळीपर्यंत वजन उतरतं. शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे, गूळ, घरचे धपाटे जवळ ठेव. सकाळी काहीतरी खाऊनच बाहेर पड. जायच्या आधी तालुक्याला एकदा हिमोग्लोबिन तपासून घे, आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं कमी निघतं आणि त्या बिचाऱ्या स्वतःला आळशी समजत राहतात.

घरची आठवण पहिल्या आठवड्यात फारशी येत नाही, सगळं नवं असतं. ती येते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि महालक्ष्म्यांच्या सणाला तर हमखास. रात्री अंथरुणात रडू आलं तर त्यात वावगं काही नाही. शेजारच्या कॉटवरचीही रडत असते, ती फक्त तोंडावर पांघरूण घेते. पहिले चार रविवार तिथेच राहा, मैत्रिणी त्याच दिवसांत होतात. सणाला जरूर जा. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण घरी सांगावं लागणार नाही. फोनची वेळ ठरवून घ्या, जेवणानंतरची बरी. आणि आईला खरं सांग. “सगळं छान आहे” एवढंच ऐकणाऱ्या आईला मुलगी खचली आहे हे सगळ्यात शेवटी कळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मन फारच जड झालं, झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये ठेव.

तसाच रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर ठेव, 1800-180-5522. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे आणि युजीसीचे नियम 2009 पासून. ओळख करून घेणं वेगळं. पण रात्री खोलीवर बोलावणं, नाचायला किंवा शिव्या द्यायला लावणं, जात विचारून टोमणे मारणं हे गमतीत मोडत नाही. पहिल्याच वेळी रेक्टरला सांग. मी रेक्टर असताना ज्या मुलींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यांचं एका दिवसात थांबलं. ज्या महिनाभर सोसत राहिल्या त्यांचं निस्तरायला फार वेळ लागला.

इंडक्शनचे, म्हणजे कॉलेजची ओळख करून देणारे, पहिले दिवस बुडवू नकोस. तिथे शिकवत काही नसले तरी ऑफिस कुठे, लायब्ररी कार्ड कोण देतं, तुझ्या तुकडीचे मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) कोण हे त्याच दिवसांत कळतं. मेंटॉरना पहिल्याच आठवड्यात भेट आणि आपलं नाव-गाव सांग. काम नसताना एकदा भेटलेलं असलं की काम पडतं तेव्हा दार ठोठवायला जड जात नाही. 75 टक्के हजेरी लागते. चाचणी परीक्षा झाली की तपासलेला पेपर मागून बघ, गुण कुठे गेले ते ओळीगणिक बघ.

आणि सोडायला वडील येतील, तेव्हा सामान लावलं की लगेच गाडीकडे धावू देऊ नकोस. त्यांना तुझ्याबरोबर मेसमध्ये एक वेळ जेवायला बसव. पाहुण्याचं कूपन कुठे मिळतं ते खिडकीवर तूच विचार. तुझं ताट, तुझी खोली, खोलीतल्या मुलींचे चेहरे त्यांनी बघितलेले असले, की गावी तुझी आई “तिथं काय खाते, कुणासंगं राहते?” असं दहा वेळा विचारेल तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असेल.